आवड आणि अभिरुची

प्रथम वर्षाच्या वर्गावर पहिल्या तासाला एक प्रश्न आम्ही गेली अनेक वर्षे विचारत आलो आहोत: तुम्हाला काय वाचायला आवडते? पनवेल परिसरातील आमच्या वर्गात जुन्या गावठाणातली, खारघर-कळंबोलीच्या वसाहतींतली, उरण-रसायनीकडच्या गावांतली आणि डोंगराकडच्या वाड्यांवरची अशी सगळी मुले असतात. उत्तरे मात्र दरवर्षी जवळजवळ तीच येतात. ‘मृत्युंजय’, ‘श्यामची आई’, ‘ययाति’, ‘अग्निपंख’. ही पुस्तके मुलांनी वाचलेली नसतात असे आमचे म्हणणे नाही; पण ही उत्तरे मौखिक परीक्षेतल्या उत्तरांसारखी वाटतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही प्रश्न तोच ठेवला, पण दोनदा विचारला. पहिल्यांदा कागदावर नाव घालून, दुसऱ्यांदा बिननावाच्या चिठ्ठीवर. नावानिशी आलेल्या कागदांवर नेहमीचीच नावे होती. चिठ्ठ्यांवर मात्र भुताच्या गोष्टी होत्या, मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या प्रेमकथा होत्या, गुन्ह्यांच्या सत्यकथा होत्या, श्रीमंत कसे व्हावे हे सांगणारी पुस्तके होती. एकाने प्रांजळपणे लिहिले होते, ‘मला वाचायला आवडत नाही, पण कोणी विचारले तर मी मृत्युंजय सांगतो.’

मग स्टाफरूममध्ये बसून आम्ही दोघांनीही तसेच केले. नावानिशी आम्ही लिहिले: ‘कोसला’, अरुण कोलटकरांच्या कविता, जी. ए. कुलकर्णींच्या कथा. बिननावाच्या चिठ्ठीवर आमच्यापैकी एकाने लिहिले, नारायण धारप. दुसरीने लिहिले, शकुंतला गोगटे आणि योगिनी जोगळेकर. दोन्ही चिठ्ठ्या खऱ्या होत्या. ‘कोसला’ आम्ही कोणाला दाखवण्यासाठी वाचलेली नाही, आणि धारपही झोप येत नाही म्हणून वाचलेले नाहीत. प्रश्न असा उरला की, मराठीत एम. ए. करून वीस वर्षे मराठीच शिकवणाऱ्या माणसांना आपल्या आवडीचा अर्धा भाग बिननावाने का लिहावा लागतो? या संकोचाला इतिहास आहे काय? आमच्या मते आहे, आणि तो मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. त्याचीच थोडी मांडणी येथे करतो.

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेत. ‘आवड’ हा घरातला शब्द. आवड भाजीची असते, रंगाची असते, माणसाची असते. ती कमी किंवा जास्त असते, एवढेच. ‘अभिरुची’ हा शब्द व्याख्यानातला आणि परीक्षणातला. तिला ‘संपन्न’, ‘उच्च’, ‘हीन’, ‘सवंग’ अशी विशेषणे लागतात. ती घडवावी लागते, जोपासावी लागते, आणि बिघडूही शकते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त नाट्याविषयी बोलताना लोकांच्या रुची वेगवेगळ्या असतात हे सहज मान्य केले आहे, त्यांत वरखाल लावलेली नाही. संस्कृत काव्यशास्त्रातला ‘सहृदय’ हा मुळात लेखकाच्या हृदयाशी हृदय जुळलेला रसिक. त्याच्या पात्रतेची चर्चा त्या शास्त्रात आहेच. पण वर्गात, गुणपत्रिकेत आणि मासिकात बसून इतरांच्या आवडीला गुण देणारा सहृदय ही पुढच्या काळाची निर्मिती आहे. हा काळ छापखान्याचा आणि शाळेचा.

हा इतिहास पाहायला पनवेल ही जागा वाटते तितकी गैरसोयीची नाही. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला जायचे तर होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचे आणि तेथून गाडीने खोपोलीमार्गे घाट चढायचा, असा प्रवास होता. मुंबई आणि पुणे या मराठी छपाईच्या दोन मोठ्या केंद्रांमधली ही वाट आमच्या गावातून जात होती. १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली. पण १८५६ मध्ये लोहमार्ग कल्याणवरून खोपोलीपर्यंत पोचला, १८६३ मध्ये तो घाट चढला, आणि पनवेल त्या मोठ्या वाटेच्या बाजूला पडले. मराठी कादंबरीच्या जन्माची वर्षे नेमकी हीच आहेत. छापील गोष्टीचा पसारा वाढू लागला त्याच सुमारास आमचे गाव वाटेवरचे न राहता कडेचे झाले. चांगले-वाईट ठरवण्याचे काम मुंबई-पुण्याने केले. वाचण्याचे काम मात्र पनवेल, पेण, महाड अशा गावांनीही केले. काय वाचावे हे ज्यांना बाहेरून सांगितले जाते, त्यांच्या बाजूने हा इतिहास पाहण्याची संधी म्हणून आम्हांला मिळते.

छापील गोष्टीच्या आधी गावोगाव वाचली जात होती ती पोथी. श्रीधराचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘रामविजय’ १७०३ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा, ‘शिवलीलामृत’ १७१८ चे. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे अशी ही वाचनाची रीत. तीत कोणाला काय आवडते हे विचारण्याचा प्रसंगच नसे. काय वाचायचे ते महिना आणि तिथी सांगे. तरीही आवड तेथे होतीच. आमच्यापैकी एकीची आजी सांगे की, शिवलीलामृतातला सीमंतिनीचा अध्याय आला म्हणजे बायका सरसावून बसत. नवरा यमुनेत बुडतो, नागलोकात पोचतो आणि पुढे परत येतो, ही त्या अध्यायातली गोष्ट. विरह, संकट, अद्भुत प्रवास, पुनर्भेट: पुढच्या लोकप्रिय कादंबरीला लागणारे सगळे सामान येथे आधीच हजर आहे, आणि त्यात पुण्यही आहे. श्रोत्यांना आपल्या आवडीचा संकोच वाटावा असे कोणतेच कारण नव्हते.

संकोच आला तो कादंबरीबरोबर. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, हिंदू विधवांच्या दुःस्थितीविषयीचे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, संकटे, कपट आणि योगायोग यांनी भरलेली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, शिवकाळातली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या विवेचनात याच तीन पुस्तकांवरून तीन प्रवृत्ती मांडल्या, हे आपण सगळेच वर्गात शिकवतो. ते शिकवताना एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटते. आमच्या बिननावाच्या चिठ्ठ्या या तीन खोक्यांत टाकल्या तर बहुतेक ‘मुक्तामाले’च्या खोक्यात पडतील, उरलेल्यांतल्या पुष्कळ ‘मोचनगडा’च्या. नावानिशी दिलेल्या उत्तरांतसुद्धा पहिले खोके फारसे भरत नाही. दीडशे वर्षे आपण ‘यमुनापर्यटना’च्या वाटेचा अभिमान बाळगला आणि ‘मुक्तामाले’च्या वाटेने चाललो.

अद्भुताकडचा हा ओढा अडाणीपणाचा होता असे समजण्याची चूक मात्र करू नये. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत याचे कारण दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, आपल्या लोकांची लग्ने ज्या रीतीने होतात ती रीत पाहता आणि इतरही काही कारणांमुळे आपल्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुणही आढळत नाहीत आणि दुर्गुणही. जसे आहे तसे लिहावे तर वाचकाला कंटाळा येईल. हे एका लेखकाचे समर्थन म्हणून वाचण्यापेक्षा समाजाविषयीची साक्ष म्हणून वाचावे. ज्या समाजात लहानपणीच लग्न लागते, जोडीदार निवडण्याचा प्रश्नच येत नाही, त्या समाजातल्या वाचकाला निवड, प्रेम आणि धाडस हे सगळे अद्भुतातच भेटणार. मंजुघोषेच्या वाचकांना जगात जे मिळत नव्हते ते ते पुस्तकात शोधत होते.

याला पहिले सविस्तर उत्तर आले ते काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ या १८७२ च्या लेखनात. असंभाव्य घटनांनी भरलेल्या कादंबऱ्यांवर त्यांनी टीका केली. मराठी कादंबरीची समीक्षा कादंबरीनंतर पंधरा वर्षांत जन्माला आली, आणि ती लोकांच्या आवडीविषयीची तक्रार घेऊनच आली, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मराठ्यांची टीका साहित्यदृष्ट्या पुष्कळशी योग्य होती. पण तेव्हापासून एक सवय पडली. वाचकाला काय आवडते याचे कारण शोधण्याऐवजी त्याला काय आवडायला हवे हे सांगणे म्हणजे समीक्षा, अशी ती सवय. १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. त्यातही रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या मराठीतल्या अनुकरणाचा समाचार आहे. लंडनमधली गुन्हेगारी आणि अमीर-उमरावांची कुलंगडी स्वस्त साप्ताहिकांत लिहिणारा हा लेखक तिकडच्या वाङ्‌मयेतिहासात तळटीपेत उरला. आपल्याकडे मात्र त्याची भाषांतरे आणि रूपांतरे चवीने वाचली गेली.

येथे एक गंमत नोंदवली पाहिजे. मराठी वास्तववादी कादंबरीचे जनक म्हणून आपण ज्यांना मान देतो त्या हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच एका कादंबरीच्या आधाराने उभी आहे. पुढे ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यांनी क्रमशः छापली ती १८९० मध्ये सुरू केलेल्या स्वतःच्या साप्ताहिकात, आणि त्या साप्ताहिकाचे नाव होते ‘करमणूक’. एका बालविधवेच्या तोंडून सांगितलेली, आजही वाचताना जीव कासावीस करणारी ही कादंबरी १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली, पण तिच्या पहिल्या वाचकांनी ती हप्त्याहप्त्याने, पुढे काय होते या उत्सुकतेने वाचली. ‘करमणूक’ या शब्दाची लाज हरिभाऊंना वाटली नाही. ती त्यांचे पुस्तक अभ्यासक्रमाला लावणाऱ्या आम्हांला वाटू लागली.

आवडीचा संकोच सर्वांत जास्त कोणाच्या वाट्याला आला असेल, तर तो बायकांच्या. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकात आपल्या शिक्षणाला घरातल्या बायकांकडूनच कसा विरोध झाला ते लिहिले आहे. न्यायमूर्तींसारखा नवरा पाठीशी असताना ही स्थिती. इतरींचे काय झाले असेल? बाईने पोथी वाचली तर ठीक, इतर काही वाचले की घर बुडाले, ही समजूत शतक उलटले तरी पुरती गेली नाही. सीमंतिनीची गोष्ट सांगणारी ती आजीच पुढे १९७० नंतरच्या दशकात वाचनालयातून कादंबऱ्या आणू लागली. पुस्तक आणायचा नातू, निवडायची आजी. गोगटे, जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, ज्योत्स्ना देवधर ही नावे तिला तोंडपाठ होती. दुपारी भांडी झाली की उंबऱ्यापाशी बसून ती वाचे, आणि आजोबांची चाहूल लागली की पुस्तक शिवलीलामृताखाली जाई. आजोबांना ते ठाऊक होते असे आम्हांला आता वाटते. पण लपवणे हा वाचनाचाच एक भाग झाला होता.

अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तकात काय आहे याइतकेच, पुस्तक हातात घेऊन बसणे म्हणजे काय, हेही त्यांनी विचारले. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईला तेवढा वेळ तिचा स्वतःचा असतो, असे त्या स्त्रियांनीच त्यांना सांगितले. हे वाचताना आम्हांला उंबऱ्यापाशी बसलेली आजी दिसली. शिवलीलामृताखालच्या त्या कादंबऱ्यांची वाङ्‌मयीन किंमत काय ती असो. त्या दोन तासांची किंमत आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठेच धरलेली नाही.

पुरुषांच्या गुप्त वाचनाचे नाव होते बाबूराव अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९०६ ते १९९६ हा त्यांचा जीवनकाळ. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे दोन-तीन पिढ्यांच्या घरातली माणसे झाली. त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले, भयकथेत धारप आले. ज्या काळात फडके-खांडेकर वाद, मग नवकथा, मग ‘कोसला’ (१९६३) असा वाङ्‌मयाचा इतिहास आपण शिकवतो, त्याच काळात एसटीच्या बाकांवर आणि कारखान्यांतल्या जेवणाच्या सुटीत हे दुसरे वाङ्‌मय चालू होते. आमच्या इतिहासग्रंथांत त्याला बहुधा एक परिच्छेद मिळतो, आणि त्याच्या शेवटी ‘तथापि’ येते.

एकदा तर हा आवडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. समकालीन समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, याची दखल त्या निकालात घेतलेली आहे. त्याच वर्षी काकोडकरांच्याच ‘निलांबरी’ या कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि कुटुंबासह पाहिला गेला. तोच लेखक, तेच वर्ष. एका ठिकाणी आरोपी, दुसऱ्या ठिकाणी घरगुती करमणूक. अभिरुचीच्या कसोट्या किती स्थिर असतात याचा याहून बोलका नमुना आम्हांला ठाऊक नाही.

या इतिहासाची साधने कोठे शोधावी? पुरस्कारांच्या याद्यांत ती नाहीत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानंतर गावोगावच्या वाचनालयांना अनुदान आणि वर्गवारी मिळाली. त्यांच्या कपाटांत एक मूक दफ्तर तयार झाले आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असतो. परिसरातल्या एका जुन्या वाचनालयात आम्ही एक दुपार हे कागद पाहण्यात घालवली. धारपांच्या एका पुस्तकात कागदावर कागद चिकटवून त्याचा जाड पुठ्ठा झाला होता; बांधणी दोनदा बदललेली, कोपरे झिजलेले, आणि एका पानावर कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलेले, ‘रात्री वाचू नये.’ शेजारच्या कपाटात आम्ही पदव्युत्तर वर्गाला शिकवतो तो एक समीक्षाग्रंथ होता. त्याच्या कागदावर तीनच तारखा होत्या. त्यांतल्या दोन आमच्याच होत्या.

त्या दुपारी आम्ही बराच वेळ गप्प होतो. अभिरुची घडवण्याचे काम आमच्याकडे सोपवलेले आहे. आणि ज्या कागदावर त्या कामाचा हिशेब लिहिला गेला, त्यावर आमचीच नोंद होती.

वरखालच्या या पायऱ्या कायमच्या नाहीत, हेही इतिहासच सांगतो. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) आली तेव्हा त्यांची भाषा आणि त्यांचे वाङ्‌मयीन रूप यांविषयी शंका घेतल्या गेल्या. आज त्यांच्यावाचून मराठीचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आमच्या विद्यार्थिदशेत बाकाखालून फिरे. २०१३ मध्ये तिच्यावरचा चित्रपट सहकुटुंब पाहिला गेला. धारपांच्या एका कथेपासून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ (२०१८) जाणकारांनी वाखाणला, आणि काही वर्षांपूर्वी धारप हे नाव ऐकून हसणारे लोक त्यांच्या जुन्या आवृत्त्या शोधू लागले. पुस्तक तेच असते. ते हातात धरणारी माणसे बदलतात आणि मग त्याची प्रतिष्ठा बदलते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये हेच सविस्तर दाखवले: आपण वस्तूंची प्रतवारी लावतो तेव्हा त्याच दमात माणसांचीही लावत असतो. ‘सवंग’ हा शब्द पुस्तकासाठी वापरला, तरी तो ऐकू येतो वाचकाला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याही मनात आहे. मग सगळे सारखेच काय? ‘कोसला’ आणि काळा पहाड एकाच तागडीत? इंग्लंडात क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३२ मध्ये लोकप्रिय कादंबरीविषयी जी चिंता मांडली होती, की सोप्या वाचनाची सवय लागलेले मन अवघडाला नकार देते, ती निराधार म्हणता येणार नाही. आम्ही वीस वर्षे वर्गात आहोत; ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. शिवाय लोकप्रिय वाङ्‌मयात बाईला, गरिबाला, खालच्या मानलेल्या जातीतल्या माणसाला कोणत्या साच्यात बसवलेले असते, हेही उघड आहे. सगळे सारखे नाही. पण ही तुलना कोण करू शकतो? ज्याने दोन्ही वाचले आहे आणि दोन्ही वाचल्याचे जो मोकळेपणी सांगू शकतो, तोच. धारपांच्या गोष्टीत भीती कोठून येते आणि जी. एं.च्या कथेत ती कोठून येते, हा प्रश्न उत्तम आहे, एका सत्राला पुरेल एवढा मोठा आहे. पण धारपांचे नाव बिननावाच्या चिठ्ठीवरच राहिले तर तो विचारताच येत नाही. आवड लपवली की तिची वाढ खुंटते. जिची चर्चा होऊ शकते तीच आवड पुढे अभिरुची होते.

हे आम्हांला पुस्तकांतून समजले असते तर बरे झाले असते. ते समजले एका विद्यार्थिनीमुळे. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षात एक मुलगी होती. वर्गात फारशी बोलत नसे. लोकलच्या प्रवासात मोबाइलवर कथामालिका वाचे आणि पुढे स्वतःही लिहू लागली होती. भागाखाली वाचकांचे अभिप्राय येत. एकदा धीर करून तिने आमच्यापैकी एकाला विचारले, ‘सर, मी एक मालिका लिहितेय. तुम्ही वाचाल का?’ वर्ग सुटला होता, चारपाच मुले आजूबाजूला होती. उत्तर दिले गेले ते असे: ‘अगं, ते साहित्य नव्हे. आधी चांगले काहीतरी वाच.’ त्यात राग नव्हता, टिंगलही नव्हती. १८७२ पासून चालत आलेले वाक्य आपोआप तोंडी आले. मुलीने मान हलवली. तृतीय वर्षाला तिने मराठी सोडून दुसरा विषय घेतला. ती अजून लिहिते की नाही, हे आम्हांला माहीत नाही. मालिका आम्ही वाचली नाही, म्हणून ती चांगली होती की वाईट, हेही सांगता येत नाही. न वाचता निकाल दिला, एवढेच सांगता येते.

केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, १८८५ मध्ये पनवेलला जन्मले. हातात विद्यापीठाची पदवी नसताना त्यांनी ग्रंथ लिहिले, नाटके लिहिली, १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ काढले, आणि मराठी गद्याला एक धारदार, बोलका वळसा दिला. त्यांचे ‘माझी जीवनगाथा’ वाचताना जाणवते की, असा लेखक कोणत्याही एका कपाटातून तयार होत नाही. कीर्तन, तमाशा, नाटक, वर्तमानपत्र, इतिहास, बाजारातली बोली असे सारे कानांवरून आणि डोळ्यांखालून गेलेले असावे लागते. याच गावात, याच बाजारपेठेच्या आसपास, आज एखादा तसा मुलगा किंवा तशी मुलगी आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली असेल. तिला आम्ही पहिल्या तासाला काय विचारतो आणि तिच्या उत्तरावर आमचा चेहरा कसा होतो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

आता आम्ही पद्धत बदलली आहे. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना विचारण्याआधी आम्ही आमच्या दोन्ही चिठ्ठ्या फळ्यावर लिहितो: एका बाजूला नेमाडे, कोलटकर, जी. ए.; दुसऱ्या बाजूला धारप, गोगटे, जोगळेकर. वर्गात आधी हसू फुटते. मग हळूहळू हात वर येऊ लागतात. यंदा एका मुलाने विचारले, ‘मॅडम, गोगट्यांचे कोणते आधी वाचू?’ मॅडमना क्षणभर अवघडल्यासारखे झाले. सवय इतक्या लवकर जात नाही. मग त्यांनी एक नाव सांगितले, आणि तासानंतर त्याच्याबरोबर ग्रंथालयात गेल्या.

पुस्तक कपाटात नव्हते. कोणीतरी आधीच नेले होते.